आनेकलची होडी

पहिले पंधरा दिवस मेस्त्रींनी मला कापूस वळायला बसवलं. लाकडी होडी बांधायला शिकायचं म्हणून मी आले होते. अर्जासोबत श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन पानं लिहून दिली होती. आणि हातात काय आलं, तर कापसाचं गाठोडं. मांडीवर ठेवून बोटाएवढ्या जाड वाती वळायच्या. फार घट्ट झाली तर मेस्त्री ती उसवून परत माझ्या पुढ्यात टाकत. सैल झाली तरी तेच.

"ही समयेची वात न्हय गो बाय," ते म्हणत. "ही दोन फळयांच्या मधी जातली. पाणी लागला काय फुगाक व्हयी. आत्ताच फुगलेली आसली तर मगे काय करतली?"

त्यांची मालवणी मला पहिल्या आठवड्यात निम्मीच कळायची. मी बेंगळुराच्या राजाजीनगरात वाढलेली. आमचं घर मूळचं निपाणीकडचं, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीची सरमिसळ जिन्यात. पण मेस्त्री इतकं सावकाश बोलत की न कळलेले शब्दही संध्याकाळपर्यंत आपोआप कळायचे.

बेंगळुराबाहेर, आनेकलच्या बसस्टँडपासून चालत पंधरा मिनिटांवर एक जुनी शेड होती. पूर्वी तिथे रेशमाचे माग चालत. जमिनीत मागांचे खड्डे अजून होते, त्यांच्यावर फळ्या टाकून आम्ही वावरत होतो. जुन्या हस्तकला जपणाऱ्या एका संस्थेने ती भाड्याने घेतली होती आणि तिथे सहा महिन्यांची उमेदवारी ठेवली होती. शिकणारे आम्ही दोघंच. मी, आणि पुण्याचा एक इंजिनियर, जो आयटीतल्या नोकरीतून लांब रजा काढून आला होता. संस्थेचं काम बघणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. आणि शिकवणारे मेस्त्री. सत्तरी ओलांडलेले, वेंगुर्ल्याच्या खाली कुठल्याशा खाडीकाठचे, शेडच्या मागच्या खोलीत एकटे राहणारे.

समुद्र इथून एवढा लांब, मग होडी इथे कशाला, असं आम्हाला सगळेच विचारत. मीही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, शिकायला येणारी माणसं बेंगळुरात मिळतात. मेस्त्रींचं उत्तर वेगळं होतं.

"थय लाकडाक इचारता कोण? सगळी फायबरची. माजो झील सोता फायबरची करता. सकाळी साच्यात ओतूची, संध्याकाळी काढूची. इडलीसारकी."

झील म्हणजे मुलगा. इंजिनियर हसला. मेस्त्री हसले नाहीत. मग रंधा पुसता पुसता म्हणाले, "ही माजी शेवटची. ही एकदा पाण्यात उतरली काय मी मोकळो."

हे त्यांनी पुढे किती वेळा म्हटलं असेल. दरवेळी तितक्याच साधेपणाने, जणू बस आली की मी निघालो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते कानाआड केलं.

*

होडीचा नकाशा नव्हता. इंजिनियरने दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप उघडून विचारलं, ड्रॉइंग कुठाय. मेस्त्रींनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. मापं हाताची, वितीची, मुठीची. आधी खालचा आडवा कणा ठेवायचा, त्याला ते पठाण म्हणत. पुढे नाळ उभी करायची, म्हणजे होडीचं तोंड. मग दोन्ही बाजूंनी खालून वर एकेक फळी चढवत जायची. आतले वाकडे खांब, माणसाच्या फासळ्यांसारखे, ते नंतर. इंजिनियरला हे उलटं वाटायचं. आधी सांगाडा, मग कातडी, असं त्याचं म्हणणं.

"तुजी आवस काय आदी हाडां घेवन बसली होती?" मेस्त्रींनी त्याला विचारलं.

"मेस्त्री, लॉजिकली बोला ना."

"लॉजिकलीच बोलतंय, इंजिनेरा. पोटात पोर सगळाच एकदम वाडता. पण तुका दिसता काय ता? बायरसून पोटच दिसता."

फळी वाकवायला खाली काटक्यांचा मंद जाळ करायचा, वरून ओली गोणपाटं टाकायची, आणि एका टोकाला दगड बांधून थांबायचं. थांबणं हेच मुख्य काम. मेस्त्री शेजारी उकिडवे बसत आणि फळीवर हात ठेवून राहत. तापलेल्या लाकडावर हात कसा ठेवता येतो, हे मला कधी जमलं नाही. मध्येच ते "आता" म्हणत, आणि आम्ही तिघं मिळून फळी दाबायचो. एकदाही ती मोडली नाही.

आमचा खरा शत्रू बेंगळुराची कोरडी हवा होती. थंडी सुरू झाली तसं लाकूड सुकायला लागलं. काल घट्ट बसवलेल्या दोन फळ्यांच्या मध्ये आज नख जायचं. मेस्त्रींना हे घरी कधी भोगावं लागलं नव्हतं, तिथे हवाच ओली. ते रोज सकाळी आधी होडीभोवती फिरत, प्रत्येक सांध्यात नख घालून बघत, आणि तोंडातल्या तोंडात हवेला शिव्या देत. मग दिवसातून तीनदा सगळ्या होडीला ओली गोणपाटं गुंडाळायचं ठरलं. पाणी टँकरचं. गल्लीत आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, बायका घागरी लावून उभ्या असायच्या, आणि त्यांच्या रांगेत मी दोन बादल्या घेऊन.

पुढच्या घरातल्या आजींनी मला रोज तेच विचारायचा नेम केला होता. "दोणी सरी. केरे एल्ली?" होडी ठीक आहे, पण तळं कुठाय? रांगेतल्या बायका हसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, आमच्या नातवाला स्वल्प पाणी कमी पडलं तर चालेल, पण तुमच्या लाकडाला ताप यायला नको. मला त्यांचंच खरं वाटत होतं.

मेस्त्रींना मात्र तळ्याचं ठाऊक होतं. शेडमध्ये दूध घालायला जो माणूस यायचा, तो गावाबाहेरच्या तळ्याच्या कडेला गुरं चारायचा. मेस्त्री त्याला रोज हाताने खूण करून विचारत, पाणी किती. तो स्वतःच्या मांडीवर, मग पुढे गुडघ्यावर, मग पोटरीच्या वर हात लावून दाखवायचा. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. तो हात खाली गेला की त्या दिवशी मेस्त्री जेवायला उशीर करायचे आणि आम्हालाही करायला लावायचे. शिवरात्रीच्या आत, असं ते म्हणत. शिवरात्रीच्या आत झाली पाहिजे. मला वाटे, काही व्रत असेल.

*

माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिथूनच झालं.

अप्पा, माझे वडील, तरुणपणी निपाणी सोडून राजाजीनगरच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत युनियनमध्ये राहिले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. पलंगाखाली पत्रकं, शिवणयंत्राच्या खणात पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पत्रकाला तीन घड्या कशा घालायच्या, म्हणजे वाटताना अंगठ्याने एकेक सुटं होतं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. आणि त्यांच्याबरोबर एक गोष्ट माझ्यात खोल बसली: जिथे अन्याय दिसेल तिथे पहिल्या ओळीत त्याचं नाव घ्यायचं. गप्प बसणारा माणूस अन्याय करणाऱ्याच्या बाजूचा. मी हे आजही मानते. पण आता ते वाक्य उच्चारताना माझा आवाज आधीसारखा चढत नाही.

संक्रांत उलटून गेली होती. होडीच्या प्रत्येक बाजूच्या वरच्या दोन फळ्या राहिल्या होत्या, आणि आतल्या फासळ्या. मेस्त्री त्या दिवशी डोळे तपासायला अक्कांबरोबर शहरात गेले होते. दुपारी दोन माणसं गाडीतून आली, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी टेप काढला आणि होडीची मापं घ्यायला लागली. एकाने मला विचारलं, मधली आडवी फळी काढली तर चालेल का, कारण वर काच बसवायची आहे.

"कसली काच?"

"रिसेप्शनची. पुढचा अर्धा भाग डेस्क होणार, मागचा अर्धा कॅफेटेरियात. बरोबर इथे कट येईल." आणि त्याने खडूने होडीच्या पोटावर एक उभी रेघ ओढली.

इंजिनियर माझ्या शेजारी उभा होता. "म्हणजे लिटरली अर्धी कापणार?" तो म्हणाला.

"तसंच ठरलंय ना," तो माणूस म्हणाला, जरा गोंधळून. "ऑर्डर तशीच आहे."

ती माणसं गेल्यावर मी खडूची रेघ ओल्या गोणपाटाने पुसली. संध्याकाळी मेस्त्री खोलीत गेल्यावर अक्कांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. रिंगरोडवरच्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर होती. लाकूड त्यांचंच, शेडही त्यांच्याच जिवावर. त्याशिवाय ही उमेदवारी सुरूच झाली नसती, अक्का म्हणाल्या. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "हे बघ, होडी पुरी होऊ दे. त्याआधी मध्ये काही करू नकोस. प्लीज."

मेस्त्रींना सांगू नकोस, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. पण मी ते तसंच ऐकलं. मला ऐकायचं तेच ऐकलं, असं आता वाटतं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याची शेवटची होडी बांधायला लावायची, आणि पाण्यात घालण्याऐवजी करवतीने दोन तुकडे करायचे, आणि त्याला कळूही द्यायचं नाही. माझ्या डोक्यात घरी जातानाच्या बसमध्येच पहिली ओळ तयार झाली होती.

*

अप्पांनी पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. एक शुद्धलेखनाची चूक काढली. मग म्हणाले, "लिहिलीयास चांगलं. दम हाय." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी लहानपणापासून थांबले होते.

"म्हातारा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"त्यांना माहीतच नाही, अप्पा. तोच तर मुद्दा आहे."

अप्पांनी कागद खाली ठेवला. "आम्ही पत्रक प्रेसला द्यायच्या आधी काय करत होतो, बघितलीयास की तू. ज्याच्यावर लिहिलंय त्याला समोर बसवायचं, सगळं वाचून दाखवायचं. तो सरी म्हटला तरच पुढं. एकदा एका बाईनं नको म्हटलं, आम्ही अख्खा गठ्ठा चुलीत घातला."

"इथे तेवढा वेळ नाही. आणि त्यांना सांगितलं तर ते काम सोडून निघून जातील."

"मग जाऊ दे की. त्याचं काम, त्याचं जाणं."

"अप्पा, तुम्ही म्हातारे झालात."

हे मी बोलले. अप्पांनी चष्मा काढला. उठून आत गेले आणि आईला विचारलं, भात झाला काय.

पत्रकाचं कन्नड मी स्वतः केलं, इंग्रजी इंजिनियरकडून करून घेतलं. त्याला मी सांगितलं, मेस्त्रींशी बोलणं झालंय. तेही खोटं होतं. बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रती काढल्या आणि सोमवारी सकाळी त्या कंपनीच्या फाटकाबाहेर उभी राहिले. 'ही होडी कापू नका' असं वर ठळक, आणि खाली, 'एका फसवलेल्या वृद्ध कारागिराच्या शेवटच्या कामाबद्दल'. आत जाणाऱ्या मुलामुलींनी ती घेतली. बऱ्याच जणांनी थांबून वाचली. एकीचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत पत्रकाचा फोटो ठिकठिकाणी फिरत होता, आणि मला अनोळखी माणसं शाबास म्हणत होती. त्या दिवसाइतकी मी आयुष्यात क्वचितच खूश झाले असेन. हेही लिहायला हवं.

*

मंगळवारी मी मराठी प्रत मेस्त्रींच्या हातात दिली.

ते फळीवर रंधा मारत होते. चष्मा नवीन होता. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत वाचला. शेवटपर्यंत पोचले, आणि परत वर गेले.

"ह्या वाटलंस?"

"होय. काल."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि रंधा उचलला. दुपारच्या जेवणापर्यंत त्याच फळीवर रंधा मारत राहिले. मला वाटलं, गहिवरलेत.

जेवून हात धुतल्यावर ते पठाणाशेजारी बसले आणि म्हणाले, "हय बस."

मी बसले.

"मी फसलंय असा तुका कोणी सांगल्यान?"

मी त्या दोन माणसांचं, काचेचं, खडूच्या रेघेचं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "पयल्या दिसापासून. तेनी माका फोटो दाखवल्यानी. हय कापतले, हय काच लावतले. माका कळना नाय काय?"

"मग तुम्ही हो कसं म्हणालात?"

"मगे कोण देता माका लाकूड? माज्या वाड्यात एक फळी नाय आता." त्यांनी पठाणावरचा भुसा हाताने झाडला. "कापतले ते मागसून गो. आदी ती होडी होतली मा? मी तेंका सांगलंय, एक दीस माका देवा. पुरी झाली काय एक दीस ती तळयात घालतलंय, मी बसतलंय, वल्ह्यानी एक फेरी मारतलंय. मगे न्हेवा, काय करूचा ता करा. संस्थेची बाई हो म्हणाली. तेवा मी इलंय."

एक दिवस. तेवढ्यासाठी ते घर सोडून या कोरड्या गावात चार महिने राहिले होते. दूधवाल्याच्या मांडीवरून पोटरीवर आलेला हात, शिवरात्रीची घाई, सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तळं आटत होतं, आणि ते त्याच्याशी शर्यत लावून काम करत होते.

"माका इचारूचा होता गो," ते म्हणाले. "एकदा."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. उठले, गोणपाटं बादलीत बुडवली, आणि होडीच्या अंगावर एकेक पसरायला लागले.

*

गुरुवारी अक्का आल्या. कंपनीने ऑर्डर मागे घेतली होती. वाद नको, होडी नको, नावही नको. वरच्या फळ्यांचं लाकूड त्याच आठवड्यात यायचं होतं, ते येणार नव्हतं. शेड महिनाअखेरीस रिकामी करायची.

अक्का मला ओरडतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी तुला थांब म्हटलं होतं ना."

मी धावपळ केली. त्या कंपनीच्या फाटकाशी परत गेले, चूक माझी होती, मेस्त्रींची नाही, असं पत्र घेऊन. रखवालदाराने ओळखलं आणि आत सोडलं नाही. पत्र त्याच्याकडे दिलं, त्याचं काय झालं माहीत नाही. इंजिनियर म्हणाला, आपण लोकांना ऑनलाइन आवाहन करू, लाकूड आणू. त्याला मी खोटं सांगितलं होतं हे त्याला कळलं होतं, तरी तो हे म्हणाला. मी कागद घेऊन बसलेही. पहिली ओळ लिहिली आणि त्या वेळी मात्र आधी मेस्त्रींकडे गेले.

"नको," ते म्हणाले. "माजी होडी आता परत कागदार नको."

"मग काय करायचं?"

"सोडवूची."

मला कळलं नाही. त्यांनी हाताने दाखवलं, वरून खाली.

"अर्दी होडी सोडून जावचा नसता. आमच्यात नाय जाणत. एक तर पुरी करूची, नायतर फळीन् फळी सोडवन ठेवची. लाकडाक दुसरा काय तरी होवक गावता मगे."

अशा तऱ्हेने माझ्या उमेदवारीचा शेवटचा आठवडा होडी उकलण्यात गेला. बांधण्यापेक्षा ते काम सावकाश होतं. खिळा उलट्या बाजूने ठोकून डोकं वर काढायचं, डोक्याखाली पातळ लाकूड ठेवून पक्कडीने ओढायचं, म्हणजे फळीला खळगा पडत नाही. फळी सुटली की तिची कड झाडून घ्यायची. सांध्यातला कापूस आकड्याने काढायचा. माझ्या हाताने वळलेला सगळा कापूस तेल पिऊन काळा झाला होता. तो लांबच्या लांब, न तुटता निघाला. मेस्त्रींनी एक वात बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "बरी वळलंस होती." चार महिन्यांत त्यांनी माझ्या कामाला बरं म्हटलं ते एवढं एकदाच.

डाव्या बाजूची तिसरी फळी मी एकटीने कापली होती. तिचा मला अभिमान होता. ती सुटून हातात आली तेव्हा तिच्या खालच्या कडेला एक पातळ पट्टी चिकटवलेली दिसली, कागदाएवढी जाड, टोकापासून टोकापर्यंत तासलेली. म्हणजे मी कापताना रेघेच्या आत गेले होते, फळी कमी पडली होती, आणि आम्ही घरी गेल्यावर त्यांनी तेवढी भर घालून ती बसवली होती. मला सांगितलं नव्हतं. पुढे शोधत गेले तर इंजिनियरच्या फळ्यांतही तसंच. एका ठिकाणी त्यांनी आमची चूक लपवायला स्वतःची चांगली फळी तासून उतरती केली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिळे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते, वाकलेले एकात, सरळ एकात.

मधल्या एका सकाळी दूधवाला आला. त्याने सवयीने पोटरीवर हात लावला. मेस्त्रींनी मान हलवली. त्याला काय झालं ते कळलं नसावं. फळ्यांचा ढीग बघून तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. पुढच्या घरातल्या आजीही दारातून डोकावल्या. त्यांनी तळ्याचं विचारलं नाही. मेस्त्रींसाठी तांब्याभर ताक ठेवून गेल्या.

शेवटी पठाण राहिला. अकरा हात लांब, फणसाचं लाकूड. शिवाजीनगरच्या एका फर्निचरवाल्याने सगळं लाकूड घेतलं होतं आणि त्याचा टेंपो दारात होता. आम्ही चौघांनी, म्हणजे मी, इंजिनियर, मेस्त्री आणि टेंपोचा ड्रायव्हर, पठाण उचलला. ड्रायव्हर कन्नडमधून म्हणाला, हा काय खांब आहे का, वाकडा आहे, कुणी घेणार नाही. मेस्त्रींना ते कळलं नाही. त्यांनी खुणेने सांगितलं, ही बाजू वर. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि ती बाजू वर ठेवली. टेंपो निघाला तसे मेस्त्री त्याच्या मागे मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. मी पाठोपाठ जाणार होते, इंजिनियरने माझ्या बाहीला धरलं.

परत आल्यावर ते म्हणाले, "च्या घेवया."

आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. अंगाला फायबरचा तो तीव्र वास, कपड्यांवर पांढरी भुकटी. बापाची पेटी त्याने डोक्यावर घेतली. मी पाया पडले तर मेस्त्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात काही क्षण तिथेच राहिला, तापलेल्या फळीवर राहायचा तसा. त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. मी माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी चुकात."

त्या वर्षी तळं शिवरात्रीच्या चार दिवस आधी आटलं. दूधवाल्याला मी मुद्दाम जाऊन विचारलं. म्हणजे नवीन फळ्या आल्या असत्या तर वेळेत झाली असती की नाही, तेही नक्की सांगता येत नाही. मला हे कळल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. ती शर्यत हरायचीच असली तरी ती त्यांची होती.

मी आता राजाजीनगरच्या एका कारखान्यात सुतारकाम करते. दारं, चौकटी. लिहिणं सोडलेलं नाही, पण ज्याच्याबद्दल लिहिते त्याच्यासमोर आधी वाचते, आणि त्यामुळे बरंच छापायचं राहून जातं. हा मजकूर मेस्त्रींना पाठवला होता. त्यांच्या सुनेने वाचून दाखवला. ते म्हणाले, छाप, नावं नको.

त्यानंतर मी फोन केला. सुनेने तो त्यांच्या कानाला लावून दिला. ऐकायला कमी येतं आता. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. खाडीवर जाता का, असं विचारलं. "नाय," ते म्हणाले. "थय बघूक काय आसा." मग त्यांनी विचारलं, "तू काय करतंस आता?"

"दारं करते, मेस्त्री."

मी तेच परत मोठ्याने सांगितलं.

"दारां बरी," ते म्हणाले. "तेंका पाणी लागना नाय."

आणि त्यांनी फोन सुनेकडे दिला.